अठरावं कलम

बंडू चष्मेवाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं, वाकला, आत तोंड घालून ओरडला, "कोनी राह्यलं का आत?" आणि उत्तराची वाट न पाहता शटर धाडकन जमिनीला टेकवलं. मला हसू आलं. त्याचं दुकान आठ बाय दहाचं, आत एक आरसा, एक खुर्ची आणि गिऱ्हाईक म्हणून मी एकटा. तो मी तर माझ्या चष्म्याचा ढिला स्क्रू बसवून घेऊन त्याच्या शेजारीच पायरीवर उभा होतो. मी म्हणालो, "कोन राहीन बापा आत? उंदीर?" तो कुलूप लावत म्हणाला, "सवय हाय, चाचा. बाप ओरडे, म्हनून मी ओरडतो." मे महिना, साडेबाराची वेळ, जयस्तंभ चौकात या उन्हात माणूसच काय, कुत्रं दिसत नव्हतं. सगळे दुकानदार चार वाजेपर्यंत घरी जेवून झोपणार. मी एक पायरी उतरलो आणि दुसऱ्या पायरीवर माझे पाय थांबले. मी ते लिहिलंच नव्हतं. सतरा कलमं लिहिली, स्वच्छ अक्षरात, समास सोडून लिहिली, आणि हे एक लिहिलं नाही.

मी गयासुद्दीन, अमरावतीच्या कोर्टात चौतीस वर्षं बेलिफ होतो. कोर्टाचा हुकूम जजसाहेब लिहितात, पण तो हुकूम चालत जाऊन कोणाच्या तरी दारावर थाप मारतो तेव्हा त्याचे पाय बेलिफाचे असतात. समन्स मी पोचवली, जप्त्या मी केल्या, घरांचे ताबे मी घेतले आणि दिले. लोक जजसाहेबांना शिव्या देत नाहीत, ते लांब बसलेले असतात. शिव्या खायला आम्ही असतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते निवृत्त झाल्यावर, जेव्हा माझी मुलगी कहकशाँ अकोल्याहून आली आणि जेवता जेवता म्हणाली की आता बेलिफाची गरजच राहणार नाही. ती तिथल्या एका लहान कंपनीत इंजिनिअर आहे. ते लोक स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट बनवतात. तिनं मला समजावलं ते असं: करार कागदावर नसतो, कॉम्प्युटरमध्ये असतो, तोही एका कॉम्प्युटरमध्ये नाही, शेकडो ठिकाणी त्याच्या नकला असतात, त्यामुळे कोणाला गुपचूप खाडाखोड करता येत नाही, आणि करारात जे ठरलं ते वेळ झाली की करार स्वतःच करून टाकतो. अकोल्याच्या एका व्यापारी संकुलाचे चाळीस गाळे ते अशा करारानं भाड्यानं देणार होते. मुदत संपली की शटर आपोआप खाली येणार, कुलूप आपोआप लागणार. तारीख नाही, वकील नाही, बेलिफ नाही. मी विचारलं, "आन् आत मानूस काय म्हनते ते कोन आयकन?" ती म्हणाली, "तेच तर, अब्बा. ते आयकाचं कसं, हे सांगाले तुमी पाह्यजे."

कारण गाळेवाले अडून बसले होते. यंत्र करार पाळतं, पण कायदा पाळतं का? कायदा करारापेक्षा मोठा, हे त्यांच्या वकिलानं बरोबर सांगितलं होतं. म्हणून करारातच कायदा घालायचा ठरलं, आणि कायदा राबवताना माणूस काय काय करतो हे सांगायला मी. हिवाळ्यात तीन रविवार आम्ही बाप-लेक जेवणाच्या टेबलावर बसलो. मी सांगायचो, ती लॅपटॉपवर टाकायची. सूर्यास्तानंतर कोणाच्या दारात जायचं नाही. घरात पडद्यातली बाई असेल तर आधी वर्दी द्यायची आणि तिला निघून जायला वेळ द्यायचा. कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण याला हात लावायचा नाही. कोर्टाची मनाई आली की हात जागच्या जागी थांबला पाहिजे. जागेचा ताबा डफडं वाजवून जाहीर करायचा. इथं ती थांबली. "अब्बा, डफडं कोडात कसं टाकू?" खुर्शीदबी, माझी बायको, चुलीपासून हसली, "टाक ना, तुया बापाच्या डोक्यात तेच वाजून राह्यते." शेवटी डफड्याच्या जागी सगळ्या शेजारच्या गाळेवाल्यांच्या मोबाईलवर सूचना असं ठरलं. मला ते पटलं नाही, पण मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या तीन रविवारांत मी फार खुश होतो. चौतीस वर्षं कोणी मला विचारलं नव्हतं की गयासुद्दीन, तुला काय माहीत आहे. आता माझी मुलगी विचारत होती आणि प्रत्येक उत्तराला नंबर देत होती. सतराव्या कलमावर मी म्हणालो, "झालं." आणि पुकारा राहिला. दाराला कुलूप लावण्याआधी उंबऱ्यात उभं राहून तीन वेळा पुकारायचं, आत कोणी आहे का. हे कुठल्याच पुस्तकात नाही. मला ते जानराव नावाच्या थोरल्या बेलिफानं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं, आणि नंतर ते इतकं अंगवळणी पडलं की ते काही वेगळं काम आहे हेच मी विसरलो. श्वास घेतो असं कोणी कलमात लिहितं का?

खिशातून मोबाईल काढला. सकाळीच तिचा मेसेज आला होता, मी तो चहाबरोबर वाचला होता आणि अभिमानानं बायकोला दाखवला होता. 'गाळा क्रमांक १९. मुदत संपली. अंमल आज दुपारी चार वाजता. आपला पहिला, अब्बा. दुआ करा.' एकोणीस नंबर. मी जानेवारीत ते संकुल पाहायला गेलो होतो तेव्हा तिथं बसलो होतो. माणिकबाईचं फॉल-पिकोचं दुकान, करार मेपर्यंतचाच. खाली दोन मशिनी, आणि मागं लाकडी शिडी चढून पत्र्याखाली माळा. माळ्यावर तिचा नवरा मोतीराम काजं-बटणं करायचा आणि दुपारी तिथंच झोपायचा. कानानं थोडा कमी, झोपेचा पक्का. माणिकबाई चहा ओतत म्हणाली होती, "याच्या उशाशी तोफ डागा, हा नाई उठत." मी हसलो होतो. आता तो माळा माझ्या डोळ्यांसमोर आला, वरचा पत्रा आला, अकोल्याचं ऊन आलं. चारला शटर खाली येणार आणि कुलूप लागणार, आणि ते कुलूप नवा करार झाल्याशिवाय किंवा कोर्टाचा हुकूम आल्याशिवाय उघडणार नाही, असं कलम सहा. माझंच. मीच ठासून सांगितलं होतं की एकदा लागलेलं कुलूप कोणाच्या ओळखीनं उघडता कामा नये.

कहकशाँचा फोन बंद होता. तो बंद असणारच होता. कलम चौदा: अंमलाच्या दिवशी कंपनीच्या माणसानं मोबाईल जवळ ठेवू नये, नाहीतर लोक म्हणतील यानंच बटण दाबलं. तेही माझंच. कंपनीच्या ऑफिसात फोन केला तर विपुल नावाचा मुलगा बोलला. मी म्हणालो, "मी कहकशाँचा बाप बोलून राह्यलो. त्या करारात पुकारा टाकला का?" तो म्हणाला, "पुकारा म्हंजे काय जी?" मी समजावलं, तो म्हणाला त्याला कोडातलं काही माहीत नाही, तो फक्त फोन घेतो. "थांबवता येते का?" "काका, सह्या झाल्यावर ते कोनाच्याच हातात नसते. कोर्टाची मनाई आनली तरच थांबते." मग त्यानं मला समजुतीच्या सुरात सांगितलं, "कलम चार हाय ना, काका." आता त्याला काय सांगू कलम चार कोणाचं आहे ते. मी म्हणालो, कोणाला तरी पाठव, मोतीरामला माळ्यावरून उतरव. तो म्हणाला ऑफिसात तो एकटाच आहे, पण मॅडमना मेसेज टाकतो. बंद मोबाईलवर. मी ऑटोला हात केला आणि म्हणालो, बडनेरा स्टेशन.

बडनेऱ्याचा रस्ता मी टाळतो. अकोल्याला जायचं तर लांबच्या फेऱ्याच्या एस.टी.नं जातो, वेळ जास्त लागला तरी चालेल. बावीस वर्षं झाली. तेव्हा तिथं जुन्या वस्तीत एका घराचा ताबा द्यायचा होता. तेही मेच होतं. कहकशाँ सात वर्षांची, शाळेला सुटी, तिची आई माहेरी गेलेली, म्हणून मी तिला सायकलच्या दांड्यावर बसवून सोबत नेलं होतं. नियमात बसत नव्हतं, पण मुलीला ठेवू कुठं? घरातल्या माणसांनी सामान आधीच बैलगाडीत भरलं होतं, आणि भांडून, रडून ती निघून गेली होती. ज्यांच्या बाजूनं हुकूम होता त्यांचा वकील घड्याळ पाहत होता, पंच सावली शोधत होते. मी उंबऱ्यात उभं राहून पुकारलं. थांबलो. पुन्हा पुकारलं. तेवढ्यात वकील म्हणाला, "अहो बेलिफ, रिकामं घर आहे, गाडी भरलेली आपण पाहिली ना." आणि मी कुलूप लावलं. लाख वितळवून सील केलं. कहकशाँ कडुनिंबाखाली उभी राहून ते लाल लाखेचे थेंब पाहत होती. घरी येऊन जेवायला बसलो तर ती भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "अब्बा, आज दोनदाच पुकारलं तुमी." मी म्हणालो, "तीनदा." ती म्हणाली, "दोनदा. मी मोजलं." मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, "तू मोजाले चुकली." ती जेवली. मी ताट सारलं. पोरीला शेजारी सोडून मी त्याच उन्हात सायकल मारत परत बडनेऱ्याला गेलो, कोर्टाचं सील स्वतःच्या हातानं तोडलं, ज्यापायी नोकरी जाते, आणि दार उघडलं. आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीच्या आडोशाला, त्या घरातली म्हातारी भागीरथाबाई बसली होती. नातेवाइकांना वाटलं ती गाडीत आहे, गाडीवाल्यांना वाटलं मागून येते आहे. तिचं लुगडं घामानं भिजलं होतं. मला पाहून म्हणाली, "आला का बापा? मले वाटलं, इसरले." मी तिला पाणी पाजलं, तिच्या पोराकडं पोचवलं, पुन्हा लाख लावली आणि संध्याकाळी अहवाल लिहिला. 'उंबऱ्यात उभे राहून तीन वेळा पुकारले. आतून प्रतिसाद आला नाही.' माझं अक्षर त्या अहवालातही सुंदर आहे.

कोणाला कळलं नाही. म्हातारी वाचली, नोकरी वाचली. पण मुलीला मी सांगितलं नाही की तू बरोबर मोजलं होतंस. आधी वाटलं लहान आहे, विसरेल. मग वाटलं विसरली. मग ती गणितात पहिली येऊ लागली, आणि दर वेळी तिची गुणपत्रिका हातात आली की मला तो भाकरीचा तुकडा आठवायचा. माणूस जप्ती करतो तेव्हा त्यानं काय काय न्यायचं नाही हे मला तोंडपाठ होतं. सात वर्षांच्या पोरीचा स्वतःच्या मोजण्यावरचा विश्वास न्यायचा नाही, हे कुठल्या कलमात नव्हतं म्हणून मी नेला. हे मी तेव्हा असं म्हणालो नसतो. बावीस वर्षांनी बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना म्हणालो, तेही मनात.

गाडी आली, बसायला जागा मिळाली, आणि मूर्तिजापूरच्या अलीकडं सिग्नलला उभी राहिली. खिडकीबाहेर नांगरलेलं काळं रान, भेगा पडलेलं, वर नुसता पांढरा उजेड. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला त्या यंत्राचा राग आला, मग राग टिकेना. मी काही यंत्राचा दुश्मन नाही. 'दार बंद आढळले, परत आलो,' असे अहवाल मी शेकड्यांनी लिहिलेत. काही दयेनं लिहिले, आणि काही, आता कबूल करायला काय हरकत आहे, चहापाण्यानं लिहिले. एका बाईनं घराचा दावा जिंकला होता, तिला ताबा मिळायला अकरा वर्षं लागली आणि तोवर ती वारली. त्या अकरा वर्षांतल्या चार 'दार बंद'वर माझी सही आहे. माणसाच्या हातात थांबणं असलं की ते विकलं जातं, आणि यंत्राच्या हातात थांबणं नसलं की म्हातारं माणूस आत राहतं. या दोन्हींच्या मधे काही असेल म्हणूनच मी सतरा कलमं लिहिली होती. वीस मिनिटं झाली. शेजारच्या माणसानं विचारलं, "चाचा, तब्बेत बरी नाई का?" मी म्हणालो, "बरी हाय." सदरा पाठीला चिकटला होता. मोतीराम कदाचित घरी असेल. माणिकबाई शहाणी बाई आहे. पण बडनेऱ्याच्या म्हातारीचा मुलगाही शहाणाच होता.

अकोल्याला उतरलो तेव्हा चारला बारा कमी. ऑटोवाल्याला म्हणालो, "बापा, उडव." त्यानं उडवला. संकुलाच्या दारात उतरून धावलो म्हणतो, पण माझं धावणं म्हणजे भरभर चालणंच. एकोणीस नंबरसमोर वीस-पंचवीस माणसं उभी होती, गाळ्यांचा मालक होता, आणि कहकशाँ हात मागं बांधून उभी होती, अगदी मी सांगितलं होतं तशी. माणिकबाई कुठं दिसेना. कोणीतरी म्हणालं की मशिनी हातगाडीवर घालून ती नव्या जागेवर गेली, नवराही तिकडंच असेल. शटर अर्ध्यावर उतरलेलं होतं. मी हाक मारणार तोच शटरच्या चौकटीवर बसवलेल्या पेटीतून आवाज आला. "आत कोनी हाय का? असान तर आवाज द्या." कहकशाँचा आवाज. मी जागच्या जागी उभा राहिलो. मला आधी समजलंच नाही मी काय ऐकतो आहे. एक मिनिट गेलं, कोणी बोललं नाही. पेटी पुन्हा म्हणाली, "आत कोनी हाय का?" तोच थांबण्याचा ढंग, 'आत'नंतर किंचित अडकणं, जानरावचा, माझा. पुन्हा एक मिनिट. तिसऱ्यांदा. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. टाकला होता तिनं. मी न सांगता टाकला होता. आतून काहीच आवाज नव्हता, म्हणजे माळ्यावर कोणी नव्हतं, मी उगीच शंभर किलोमीटर घाबरत आलो होतो. शटरची मोटर आता गुरगुरेल म्हणून मी वाट पाहिली. आणि तरीही, तीन झाल्यावरही, माझ्या घशात एक पुकारा येऊन बसला होता. मी तोंड उघडलं.

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत पेटी चौथ्यांदा बोलली, आणि या वेळी असा आवाज सोडला की कबुतरं उडाली. "आत कोनी हाय का?" मग वर माळ्यावर काहीतरी पडलं, बटणांचा डबा असावा, बटणं टपटप शिडीवरून खाली येऊ लागली, आणि त्यांच्यामागून मोतीरामचा झोपेतला चिडका आवाज, "हाओ, हाये ना! काहून बोंबलून राह्यले?" पेटीवरचा लाल दिवा विझला, पिवळा लागला. शटर तसंच अर्ध्यावर थांबलं. कहकशाँ मोठ्यानं म्हणाली, "कराराप्रमाने अंमल थांबला. उद्या याच वेळेला पुन्हा." मालक कपाळाला हात लावून खाली बसला, त्याचंही तोंड पांढरं पडलं होतं. लोक हसू लागले, एकानं टाळ्या वाजवल्या, मोतीराम शटरखालून वाकून बाहेर आला, घामानं निथळत, हातात रिकामा डबा. त्यानं सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाला, "मशिनी कुठं गेल्या?" तेव्हा मात्र मी पायरीवर बसून इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळं हसण्याचं नव्हतं.

कहकशाँ पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. "अब्बा, तुमी? अन् असे? ऊन लागन ना." मी पाणी प्यालो. म्हणालो, "मी पुकारा लिहाले इसरलो होतो." ती म्हणाली, "मले माहीत हाय. मी म्हनलं, तुमी नाई लिहिलं तर मी लिहितो. अठरावं कलम." मी विचारलं, माळा आधी पाहिला का नाही, ती म्हणाली, "गाळेवाल्याले किल्ली दिल्यावर आमच्या मानसानं आत पाय टाकाचा नाई. कलम अकरा. तुमचंच." बाजूला मोतीराम एकेक बटण वेचत होता आणि दोन गाळेवाले त्याला मदत करत होते. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, इतकं की मला भूक लागली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे आता आठवलं. मग मी तिला विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना. "पन पुकारा तीनदा असते. जानराव तीन म्हने, मी तीन म्हनतो. हा चौथा कुठून आनला?"

माझा चष्मा घामानं नाकावरून घसरला होता. तिनं तो काढून आपल्या ओढणीनं पुसला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा माझ्या नाकावर ठेवला.

"बडनेऱ्याचा एक राह्यला होता ना, अब्बा."

शटरखालून गरम वारा येत होता. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. त्यावर राग नव्हता, जिंकल्याचं काही नव्हतं. ती फक्त वाट पाहत होती, भाकरीचा तुकडा हातात धरून पाहत होती तशीच.

"तू मोजाले चुकली नव्हती," मी म्हणालो. "मी दोनदाच पुकारलं होतं."